नावं हाताला लागू देत

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी नाही पाठवत स्मारकाच्या स्पर्धेला एन्ट्री." तेव्हा मी काही बोललो नाही, तुझा आवाज भरून आला होता. पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. म्हणून कामावर जायच्या आधी लिहायला बसलोय.

आर्किटेक्टच्या मोठमोठ्या फर्म उतरणार, तिथे शेवटच्या वर्षाच्या मुलीचं कोण बघतंय, हे तुझं एक म्हणणं. आणि तुझा सीनिअर म्हणाला, दर्यात गेलेल्यांचं स्मारक लांबून दिसेल असं उंच हवं, तुझं तर जमिनीलगतच आहे. बाय, मला या दुसऱ्या गोष्टीवर जास्त बोलायचंय.

तुझ्या आजीचे वडील 'रामदास' बोटीत गेले. १७ जुलै १९४७. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला सुटलेली बोट, गटारीला घरी निघालेली माणसं. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. एवढं तुला ठाऊक आहे. ठाऊक नसेल ते सांगतो. त्यांचा देह मिळाला नाही. आजी तेव्हा सहा वर्षांची. पुढे जन्मभर दर गटारीला ती रेवसच्या धक्क्यावर जायची. केळीच्या पानावर दहीभात, वर एक फूल. पान पाण्यात सोडलं की बोटी बांधायचा लोखंडी खुंट होता, त्यावर हात ठेवून उभी राहायची. मी लहानपणी विचारलं, खुंटाला हात का लावतेस? म्हणाली, "बोट आली असती तर इथंच बांधली असती ना."

मग धक्क्याची दुरुस्ती निघाली आणि तो खुंट काढून टाकला. त्या वर्षी पान सोडल्यावर तिचा हात सवयीने पुढे गेला आणि तसाच हवेत राहिला. मी शेजारीच होतो. तिने हात पदराला पुसला आणि "चल" म्हणाली.

तुझ्या चित्रात नावांची भिंत छातीएवढ्या उंचीवर आहे. मी बघितलं तेव्हा मला आजीचा हात दिसला.

दिवाळीत तू मला वॉशिंग्टनच्या त्या काळ्या भिंतीचे फोटो दाखवलेस, त्यानंतर मी फोनवर बरंच वाचलं. व्हिएतनाममध्ये पडलेल्या सैनिकांची ती भिंत. १९८१ च्या स्पर्धेत १,४२१ एन्ट्र्या आल्या. कागदावर नाव लिहायचं नव्हतं, नुसता नंबर. परीक्षकांनी निवडला तो १०२६ नंबर. पाकीट उघडलं तर निघाली माया लिन, वय २१, कॉलेजात शिकणारी. तिच्यावरही टीका झाली. काळी का, खाली का, पुतळा का नाही. शेवटी १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा उभा करावा लागला. पण लोक भिंतीपाशी येतात, कागद लावून पेन्सिल घासतात आणि आपल्या माणसाचं नाव घरी नेतात. आणि तो ग्रॅनाईट गेला आपल्या बंगळूरहून. हे वाचल्यावर दगडात उभा जन्म गेलेल्या माणसाला काय वाटलं असेल, तूच समज.

माया लिनने नावं लावली ती ज्या क्रमाने माणसं पडली त्या क्रमाने. न्यूयॉर्कला ९/११ च्या हल्ल्यात गेलेल्यांच्या स्मारकासाठी २००३ च्या स्पर्धेत ५,२०१ एन्ट्र्यांतून मायकेल अराड निवडला गेला. तिथे बरोबर काम करणाऱ्यांची, दोस्तांची नावं शेजारी शेजारी आहेत. तू मात्र अकारविल्हे लावली आहेस. ते बदल. आपल्याकडची माणसं गावच्या गावं मिळून बोटीत बसायची, एका पाड्याची नावं एकत्र असू देत. म्हातारी बाई अक्षर शोधत फिरणार नाही, गाव शोधेल.

आपल्याकडेही नव्या माणसांना कामं मिळतात. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ ला झालं, ते चेन्नईच्या वीबी डिझाईन लॅबने स्पर्धेतूनच मिळवलं. पण नियमावली नीट वाच. परीक्षक कोण, त्यांत आर्किटेक्ट किती. जिंकणाऱ्याला पुढे काम देणार की बक्षीस देऊन चित्रं ठेवून घेणार. चित्रांवर हक्क कोणाचा राहणार. आर्किटेक्ट म्हणून तुझं रजिस्ट्रेशन व्हायचंय, त्यामुळे कोणाबरोबर एन्ट्री करावी लागेल तेही आधी विचारून घे. फीचे पैसे आज टाकतो.

आता माझी एक चूक सांगतो, ती तुझ्या हातून होऊ नये. एका गावात मी स्मारकाचा चबुतरा बांधला होता. वर संगमरवराची पाटी, नावं रंगाने लिहिलेली. पैसे कमी होते आणि मीही जोर धरला नाही. तिसऱ्या पावसाळ्यात निम्मी नावं गेली. खाऱ्या वाऱ्यापुढे रंग टिकत नाही. एक आजोबा भावाचं नाव शोधत होते, ते उरलंच नव्हतं. मी मान खाली घालून उभा होतो. जांभाही घेऊ नकोस, त्यात बारीक अक्षर धरत नाही, पाणी पितो, शेवाळ चढतं. काळवत्रीचा काळा दगड घे आणि अक्षर कोरूनच घे, रंग भरू नकोस. लोखंड दिसेल तिथे ठेवूच नकोस.

किती खोल कोरायचं, हे तू विचारलं होतंस. मी परवा काळवत्रीची एक फरशी आणली आणि पाथरवटाकडून तुझ्या पणजोबांचं नाव तीनदा कोरून घेतलं, वरचं उथळ, मधलं जरा खोल, खालचं पाव इंच. पडवीबाहेर पावसात उभी करून ठेवली आहे. शनिवारी ये. अंधार पडल्यावर तिच्यावरून हात फिरवून बघू, कुठलं वाचता येतं ते.

तुझा,
बाबा