सह्याद्रीत मोबाईलच्या भरवशावर जाताय, तर नकाशा घरूनच डाउनलोड करून न्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून लागला की आपल्या पेपरात, आणि खरं तर सगळ्याच पेपरांत, पावसाळी भटकंतीची पानं सुरू होतात. फोटो छान असतात, कसं जायचं, कुठे जेवायचं सगळं असतं, पण वाट कशी शोधायची यावर शेवटी एकच ओळ असते, की गुगल मॅपवर लोकेशन आहे. ही ओळ कृपया छापू नका एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय, आणि त्या जागी काय छापता येईल तेही सांगतो.

गुगल मॅप गावापर्यंत पोचायला उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गडाचं नुसतं नाव टाकलं की तो गाडीरस्ता शोधतो. हरिश्चंद्रगडाचंच बघा, खिरेश्वर जुन्नर तालुक्यात आणि पाचनई अकोले तालुक्यात, गडावरून दोन्हीकडे चालत उतरता येतं पण गाडीने एकाकडून दुसरीकडे जायचं तर केवढा वळसा पडतो, खिरेश्वरहून तोलार खिंडीतून जायचं ठरवून निघालेली मंडळी सकाळी पाचनईला उभी असतात. आणि गावाच्या पुढची पायवाट त्यात बहुतेक ठिकाणी नसतेच, नुसता हिरवा रंग.

दुसरा मोठा गैरसमज म्हणजे रेंज गेली की जीपीएस गेलं. असं नाहीये. फोन सॅटेलाइटचा सिग्नल थेट घेतो, त्याला टॉवर लागत नाही आणि नेटही लागत नाही, नेट असलं तर पहिलं लोकेशन पटकन मिळतं इतकंच. रेंज गेल्यावर गायब होतो तो मागचा नकाशा, कारण तो नेटवरून येत असतो. कोऱ्या स्क्रीनवर निळा ठिपका बरोब्बर उभा असतो पण तो कुठे उभा आहे ते कळत नाही. म्हणून ऑफलाइन नकाशा घरीच वायफायवर उतरवून घ्यायचा, हे एवढं जरी लोकांनी केलं तरी निम्मं काम होईल.

आता अ‍ॅप कुठलं. ट्रेकिंगच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात ही चर्चा होते आणि जो तो आपलं घोडं पुढे दामटतो. माझं मत सरळ आहे. नवीन माणसाने ऑरगॅनिक मॅप्स घ्यावं, फुकट आहे, जाहिराती नाहीत, महाराष्ट्राचा नकाशा उतरवला की झालं, कंटूर म्हणजे समान उंचीच्या रेषाही दिसतात आणि दुसऱ्याने पाठवलेला ट्रॅक, म्हणजे तो चाललेल्या वाटेची रेकॉर्ड केलेली नोंद, उघडता येतो. जो लीडर आहे त्याने ऑसमअँड शिकून घ्यावं, जरा किचकट आहे, फुकटच्या व्हर्जनमध्ये नकाशे मोजकेच उतरवता येतात आणि कंटूरला पैसे पडतात, पण त्यात करता येत नाही असं फार कमी आहे. गाया जीपीएस आणि ऑलट्रेल्स दिसायला देखणी आहेत, पण दोन्हीकडे ऑफलाइन नकाशा हवा तर वर्षाची वर्गणी भरावी लागते, आणि मला सह्याद्रीसाठी ते पैसे पटत नाहीत. कारण या सगळ्यांच्या नकाशात आपल्याकडच्या ज्या पायवाटा दिसतात त्या बहुतेक एकाच ठिकाणाहून येतात, ओपनस्ट्रीटमॅप, २००४ साली सुरू झालेला लोकांनी फुकट काढलेला नकाशा. रंग वेगळे, वाट तीच. तिथे वाट चुकीची असेल तर महागड्या अ‍ॅपमध्येही ती चुकीचीच दिसणार, म्हणून अ‍ॅपची तुलना करण्यापेक्षा ट्रॅक कोणाचा आहे ते तपासा असं मी सगळ्यांना सांगतो.

विकिलॉक या लोकांनी आपापले ट्रॅक टाकायच्या साइटवर आपल्याकडचे ढीगभर ट्रॅक आहेत, त्यावर ही तपासणी फार गरजेची आहे. एकाच घाटवाटेचे वीस ट्रॅक असतात, त्यातला एक जानेवारीत ओढ्यातून उतरलेला असतो, जुलैत त्याच ओढ्याचा धबधबा झालेला असतो. कोणी वाट चुकून कड्यापर्यंत जाऊन परत आलेला असतो आणि ते सगळं रेकॉर्ड झालेलं असतं, तुम्ही मागोमाग जाता आणि कड्यावर पोचता. तारीख बघा, महिना बघा, चढ-उताराचा आलेख बघा, एकाच वाटेचे तीन-चार ट्रॅक एकावर एक टाकून बघा, जिथे सगळे जुळतात ती मळलेली वाट आणि जिथे फाटतात तिथे गावातल्या माणसाला विचारा, हे पावसाळ्यात तर कराच.

कंटूरवरही फार विसंबू नका. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे २०१७ पासून नेटवर फुकट मिळतात, फार चांगली गोष्ट झाली, पण त्यात दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचं अंतर असतं. म्हणजे १५ मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे बसून जाऊ शकतो, नकाशात नुसता चढ दिसतो आणि समोर दोर लावल्याशिवाय हलता येत नाही. अ‍ॅपमधल्या कंटूर तर बऱ्याचदा फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलमधून केलेल्या रडार मोजणीवरून काढलेल्या असतात, साधारण ३० मीटरला एक बिंदू, त्यात आपले कोकणात कोसळणारे कडे गुळगुळीत होऊन जातात. आणि नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी दोन्ही बाजूंना कातळ, डोक्यावर आभाळाची पट्टी, सिग्नल कातळावर आपटून येतो, अशा वेळी ठिपका उडी मारून कड्याच्या पलीकडे जाऊन बसतो. तिथे ठिपक्याकडे बघायचं नाही, पायाखाली बघायचं.

तोलार खिंडीच्या वर रेलिंगचा कातळटप्पा संपला की खरी परीक्षा. टेकडीमागून टेकडी, धुकं असं की पुढचा माणूस दिसत नाही, गवतात ढोरवाटा सगळीकडे फुटलेल्या आणि प्रत्येक वाट मुख्य वाटेसारखीच मळलेली. इथे ऑफलाइन ट्रॅक असेल तर तो सोन्याचा, पण भिजलेल्या स्क्रीनवर बोट चालत नाही, नकाशा आपोआप झूम होतो, भलतंच बटन दाबलं जातं. फोन पारदर्शक पाउचमध्ये, आत एक कोरडा रुमाल, आणि ट्रॅक खालूनच चालू करून ठेवलेला. फोन फ्लाइट मोडवर टाका, रेंज शोधण्यात बॅटरी संपते, जीपीएस त्यातही चालतं. अँड्रॉइडवाल्यांनी सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपचं बॅटरी सेव्हिंग बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन रेकॉर्डिंगही बंद करून टाकतो.

बॅटरीचं मी उगाच ताणत नाहीये. मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण इंजिनिअर लोणावळ्याजवळ नागफणीच्या जंगलात वाट चुकला, त्याने तसं फोन करून कळवलंही होतं, मग फोन बंद झाला. शिवदुर्ग मित्र या लोणावळ्याच्या बचाव टीमची मुलं, एनडीआरएफ, सगळ्यांनी दिवसचे दिवस शोधलं आणि शेवटी दरीत मृतदेह सापडला. रेंज आणि बॅटरी आहे तोवर पहिलं काम म्हणजे ११२ ला फोन आणि लोकेशनचे आकडे (अक्षांश-रेखांश) मेसेजने पाठवणं, आणि मग जागा सोडायची नाही. हे आकडे अ‍ॅपमध्ये कुठे दिसतात ते घरीच बघून ठेवा.

परदेशातले नातेवाईक बरंच काही सुचवतात त्याबद्दलही लिहितो. अमेरिकेत शिकारी लोक ऑनएक्स वापरतात, मोंटानातली कंपनी आहे, जमीन सरकारी की खाजगी आणि मालक कोण ते त्यात दिसतं. तिकडे त्याला फार महत्त्व आहे, वायोमिंगमध्ये सरकारी जमिनीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पाऊल टाकणाऱ्या शिकाऱ्यांवर केस झाली आणि मार्च २०२५ मध्ये अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंदच आहे आणि ती माहिती तिकडची, त्यामुळे ते विकत घेऊन उपयोग नाही. पण हद्दीचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना ही सगळी अभयारण्यं, हद्द कुठे सुरू होते ते चालणाऱ्याला कळलं पाहिजे. आणि गार्मिनचं इनरीच कोणी गिफ्ट आणत असेल तर आधीच नको म्हणा, सॅटेलाइटवर मेसेज पाठवणारी अशी यंत्रं भारतात परवान्याशिवाय चालत नाहीत, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांवर यावरून कारवाई झालेली आहे.

तर विनंती अशी, की ट्रेकवरच्या प्रत्येक लेखासोबत एक चौकट द्या. पायथ्याचं गाव, वाट कुठल्या महिन्यात चाललेली आहे, रेंज कुठपर्यंत, पाणी कुठल्या टाक्यात, गावातला वाटाड्या मिळतो का, आणि लेखकाने स्वतः चाललेला ट्रॅक क्यूआर कोडने. ट्रेकिंग क्लबांनाही सांगणं आहे, तुमच्याकडे वर्षानुवर्षांचे ट्रॅक पडून आहेत, एक रविवार बसा आणि ओपनस्ट्रीटमॅपवर चुकीच्या वाटा दुरुस्त करा, वाट ठळक आहे की पुसट हेही तिथे नोंदवता येतं, एकदा दुरुस्त झाली की हळूहळू सगळ्या अ‍ॅपमध्ये पोचते. यंदाच्या पुरवणीच्या आधी हे जमलं तर बघा.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड