निळूभाऊंची आठवण एका वाक्यात उरकू नका

प्रति,
संपादक,

महोदय,

अभिनेते निळू फुले यांच्या स्मृतिदिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमाचा वृत्तान्त काल आपल्या ठाणे पुरवणीत वाचला. त्याला ‘बाई, वाड्यावर या!’ असा मथळा देण्यात आला आहे आणि रसिकांनी मनमुराद दाद दिल्याचे खाली म्हटले आहे. त्या सभागृहात मी आणि माझी पत्नी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, त्यामुळे ही दाद नेमकी कशाला मिळाली हे मला सांगता येईल, आणि ते सांगणे मला आवश्यक वाटते.

माझी पत्नी ठाण्यातील एका शाळेत ३१ वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाली आहे. ‘सिंहासन’मधील फुले यांच्या भूमिकेवर तिने पाच मिनिटे बोलावे अशी आयोजकांनी स्वतः घरी येऊन विनंती केली होती. तिने तो चित्रपट पुन्हा दोनदा पाहिला आणि दोन पाने टिपण काढले. प्रत्यक्ष कार्यक्रमात पहिला पाऊण तास शाल-श्रीफळे वाटण्यात गेला आणि मग तिचे नाव पुकारताना निवेदकाने आवाज घोगरा केला, मान तिरकी केली आणि बोटाने खुणावत ‘बाई, वाड्यावर या’ असे म्हटले. सभागृह हसले. ६६ वर्षांची एक शिक्षिका व्यासपीठाच्या पायरीवर क्षणभर तशीच उभी राहिली आणि तिच्याकडे पाहून दोनशे माणसे हसत होती, यालाच आपल्या प्रतिनिधीने मनमुराद दाद म्हटले आहे. पुढे तिला वेळेअभावी दोनच मिनिटे मिळाली. रिक्षातून नौपाड्याला परतताना ती इतकेच म्हणाली, “माझ्या वर्गात एखादा मुलगा कुणा मुलीला असं म्हणाला असता, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी आईवडिलांना घेऊन यायला सांगितलं असतं.”

निवेदक तरुण होता. त्याच्या मनात वाईट काही नसावे, हे मी मान्य करतो. नकलाकारांनी गेली कित्येक वर्षे निळूभाऊंच्या नावावर हे एकच वाक्य महाराष्ट्रभर फिरवले आहे आणि त्याने तेवढेच ऐकले असणार. मी निळूभाऊंचे बरेच चित्रपट पाहिले आहेत, परंतु त्यांच्या तोंडून हे वाक्य याच शब्दांत ऐकल्याचे मला आठवत नाही. तो मुद्दाही मी बाजूला ठेवतो. मला अधिक गंभीर वाटते ते हे की, ज्या नजरेची प्रेक्षकाला किळस यावी म्हणून या माणसाने आपली सारी अभिनयशक्ती पणाला लावली, त्याच नजरेची आपण करमणूक करून टाकली आहे.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. माझी आई सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून लग्न होऊन ठाण्यात आली. सत्तरच्या दशकात आम्ही तिच्याबरोबर गावाकडच्या कथांचे मराठी चित्रपट पाहायला जात असू. पडद्यावर निळू फुले आले की ती पदर सावरून बसायची. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटे. एकदा मध्यंतरात मोठ्या बहिणीने तिला विचारले, “आई, तू एवढी का घाबरतेस, तो तर नट आहे.” तेव्हा आई म्हणाली, “आमच्या गावचा पाटील अस्साच बघायचा. विहिरीवर जायचं तर आम्ही चौघी-चौघी मिळून जायचो.” त्यापूर्वी तिने माहेरच्या गावाविषयी आमच्यापाशी असे काही कधीच काढले नव्हते. त्या नटाने ना आवाज चढवला होता, ना हातवारे केले होते. पान चघळल्यासारखे सावकाश बोलणे, अर्धवट मिटलेले डोळे आणि समोरची बाई आपल्या मालकीचीच आहे अशी खात्री, एवढ्यावर त्याने माझ्या आईच्या मनातली वीस वर्षांपूर्वीची विहीर उघडी केली होती. त्या अभिनयाची नक्कल करून हशा मिळवणाऱ्यांनी माझ्या आईच्या शेजारी बसून एक चित्रपट पाहायला हवा होता.

जो माणूस पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होता, जो राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडला, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने जो नावारूपाला आला आणि १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून चित्रपटात स्थिरावला, त्याला गावातली सत्ता कशी चालते आणि बायाबापड्यांवर ती कशी उतरते याची जाण कुणी शिकवावी लागली नसणार. म्हणूनच १९७२ मध्ये रंगभूमीवर त्याने साकारलेला, विजय तेंडुलकरांच्या नाटकातला, टाकून दिलेल्या बायका घरी आणून ठेवणारा सखाराम बाइंडर पाहून प्रेक्षक अस्वस्थ झाले. १९७५ च्या ‘सामना’ चित्रपटातला हिंदुराव धोंडे पाटील तर साखर कारखान्याचा, पंचक्रोशीचा मालक. तो ज्याला घरी आणून ठेवून घेतो ती कोणी बाई नाही, एक दारुडा मास्तर आहे, आणि डॉ. श्रीराम लागू यांचा तो मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाविषयी ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ एवढे विचारत राहतो, तसतसा हिंदुरावाचा दरारा आतून पोखरत जाताना फुले यांच्या चेहऱ्यावर दिसतो. दोन थोर नटांचा असा आमनासामना मराठी पडद्यावर पुन्हा क्वचितच झाला असेल. हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्या दिवशीच्या कार्यक्रमात ‘सामना’चे नावही निघाले नाही.

याच माणसाने जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ या नाटकात मुख्यमंत्री झालेल्या मुलापुढे उभा राहणारा गांधीवादी अप्पाजी केला, हेही कुणाला आठवले नाही. सामाजिक कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी आणि अंधश्रद्धा निर्मूलनासाठी डॉ. लागूंच्या बरोबरीने त्यांनी वेळ आणि नाव दोन्ही खर्ची घातले, त्याचा उल्लेख प्रमुख पाहुण्यांनी एका वाक्यात केला आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ‘वाडा’ आणला.

आता आपल्या पुरवणीविषयी. वृत्तान्तासोबत जे कृष्णधवल छायाचित्र छापले आहे, त्याखाली ‘खलनायकी बाजात निळू फुले’ अशी ओळ आहे. ते छायाचित्र १९७९ च्या ‘सिंहासन’मधील आहे आणि त्यात फुले दिगू टिपणीस झाले आहेत. दिगू टिपणीस हा पत्रकार आहे. मुख्यमंत्र्यांपासून कामगार पुढाऱ्यापर्यंत सर्वांच्या दारी त्याला प्रवेश आहे, सगळे त्याला कळते, आणि जे पाहिले त्याचा भार न पेलवून तो शेवटी भ्रमिष्ट होतो. अरुण साधू हे स्वतः पत्रकार होते आणि त्यांच्याच कादंबऱ्यांवर तो चित्रपट आधारलेला आहे. आपल्या व्यवसायातील माणसाचे इतके मन पिळवटणारे चित्र मराठीत दुसरे मला माहीत नाही, आणि एका वृत्तपत्राच्या कार्यालयात त्याला खलनायक ठरवून छापले जावे याचे मला फार वाईट वाटले. माझ्या पत्नीने दोन पाने लिहिली होती ती याच दिगू टिपणीसविषयी. इतर माणसे बोलत असताना फुले पडद्यावर कसे ऐकतात, त्यांचे ऐकणे प्रत्येक माणसागणिक कसे बदलते, हे तिने प्रसंग देऊन दाखवले होते.

निळूभाऊ १३ जुलै २००९ रोजी पुण्यात गेले. त्यांना पाहिलेली आमची पिढीही आता फार दिवस पुरणार नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कार्यक्रम होईल, पुन्हा पुरवणी निघेल. आयोजकांना मी स्वतंत्र पत्र लिहिले आहे आणि माझ्या पत्नीची क्षमा मागावी असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे तिचे दोन पानी टिपण सोबत जोडून पाठवत आहे. जागेअभावी ते छापता आले नाही तर माझी तक्रार नाही, परंतु छायाचित्राखालची ती ओळ मात्र कृपया उद्याच्याच अंकात दुरुस्त करून छापावी.

आपला,
एक नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)