स्वस्त किराणा, पण कुणाच्या वाटेवर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सवलतीच्या दुकानांमधल्या स्पर्धेची चर्चा निघाली की बोलणे दरांपाशीच थांबते. तेलाची पिशवी कुणाकडे स्वस्त, साबणावर कुणाची सूट मोठी. माझ्या मते दुकान कुठे उघडले यावरच त्याचे निम्मे गिऱ्हाईक ठरून जाते. मुंबईत हे तीन वेळा दिसून आले आहे.

१९४८ मध्ये नायगावात गिरणी कामगारांच्या सहकारी संस्थेतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. चाळ, गिरणी आणि दुकान, सगळे पायी जाण्याच्या टप्प्यात. त्यामुळे तिथले गिऱ्हाईक कोण, हा प्रश्नच नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि कामगारांची मुले कल्याण-डोंबिवली, वसई-विरारकडे राहायला गेली. दुकान जागेवर राहिले, माणसे मात्र लोकलच्या दुसऱ्या टोकाला. सहकारी भांडारांच्या पीछेहाटीवर बोलताना आपण कारभारातले दोष काढतो, पण या स्थलांतराची दखल घेत नाही. मला ते फार अन्यायाचे वाटते.

त्याच गिरणगावात, लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल झाला आणि तिथे ‘बिग बझार’ आले. स्वस्ताईची जाहिरात तिथेही होतीच. पण मॉलमध्ये माणूस सुट्टीच्या दिवशी, घरच्यांना घेऊन, कपडे आणि खाणेपिणे धरून जातो. महिन्याचा किराणा भरायला तिथे जाणारे कमी. शिवाय जागा भाड्याच्या. पुढे बिग बझार चालवणारा फ्यूचर समूह अडचणीत आला, तेव्हा २०२२ मध्ये रिलायन्सने ज्या दुकानांचे भाडेकरार आधीच आपल्याकडे घेतले होते, ती दुकानेच ताब्यात घेतली.

‘डीमार्ट’ने दोन्ही गोष्टी टाळल्या. त्याचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी आधी नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवली होती. २००२ मध्ये पवईत पहिले डीमार्ट निघाले. मॉलपेक्षा भरवस्ती आणि शक्यतो स्वतःच्या मालकीची जागा, हे त्यांचे धोरण. भाडे नसल्याचा फायदा दरात दिसतो. गिऱ्हाईकही त्या जागेप्रमाणेच येते: पगार झाला की पहिल्या आठवड्यात पाच किलो तांदूळ, तेलाचा डबा, डाळी एकदम भरणारे कुटुंब. खाली स्कूटर किंवा गाडी, घरात डबे ठेवायला जागा.

आता जे तिथे येत नाहीत त्यांच्याकडे बघा. नाक्यावर रोजगाराची वाट पाहणारा, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. त्यांच्या हातात पैसा रोजचा आणि थोडा. पाव किलो तूरडाळीसाठी रिक्षाचे जाऊन-येऊन भाडे कोण देईल? ते गल्लीतल्या वाण्याकडेच घेणार. तो सुटे देतो आणि उधारीची वहीही ठेवतो. म्हणजे ज्याला दहा रुपये वाचण्याची सर्वात जास्त गरज, त्यालाच किलोमागे जास्त मोजावे लागतात. यात वाण्याचा दोष नाही. त्याचा माल थोडा, खरेदी लहान, आणि उधारी बुडण्याची जोखीम त्याच्याच डोक्यावर.

खासगी कंपनीने जागा कुठे घ्यावी, हे सरकार सांगू शकत नाही. पण शहरांच्या विकास आराखड्यात मंडईसाठी आरक्षणे असतात, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत तळमजल्यावर गाळे निघतात, सिडको दुकानांसाठी भूखंड काढते. यातला काही वाटा ग्राहक सहकारी संस्थांना आणि महिला बचत गटांना परवडणाऱ्या भाड्याने राखून ठेवावा. पुनर्वसन वसाहतीच्या आतच किंवा स्टेशनवरून घरी जाण्याच्या वाटेवर. आणि सुटा माल विकण्याची अट त्यात घालावी. कल्याण-डोंबिवली, वसई-विरार आणि पनवेल या महापालिकांनी आपापल्या हद्दीत अशा रिकाम्या गाळ्यांची यादी जाहीर करावी, ही माझी मागणी आपल्या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)