बावखलातल्या बाटल्या

माननीय संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात नातवाचा पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा विधी, झाला. अंगणात मांडव, अडीचशे पाहुणे. पाण्याच्या छोट्या बाटल्या मीच मागवल्या, कारण नंतर तांबे-पेले कोण घासणार? दुसऱ्या दिवशी सकाळी केळीला पाणी सोडायला गेले, तर बावखलाच्या कडेला सत्तर-ऐंशी बाटल्या तरंगत होत्या. काही अर्ध्याही प्यालेल्या नव्हत्या.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : बावखल म्हणजे आमच्या वाडीतले गोड्या पाण्याचे खोदीव तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, म्हणून शेजारची विहीर खारट होत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीतल्या सभांना मी जायची, घोषणा द्यायची. आणि घरच्याच बावखलात ही घाण!

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. आमच्याकडे त्यावर प्रवचने झाली, पण मांडवातला मेन्यू काही बदलला नाही. (आइस्क्रीमचे कप तर मी मोजलेच नाहीत.)

त्या बाटल्या काढल्या कोणी? वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी बाईने, गुडघाभर पाण्यात उतरून. तिला पुरुष गड्यापेक्षा कमी मजुरी देण्याची रीत माझ्या सासऱ्यांपासून चालत आलेली. या शनिवारी दोघांना सारखी दिली. घरात कुरकुर झाली.

डिसेंबरात पुतणीचे लग्न आहे. धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, महिला मंडळाने पितळी पेले भाड्याने द्यायला ठेवावेत, घासणाऱ्यांची मजुरी भाड्यातच धरावी. पहिली नोंदणी माझी.

– एक निवृत्त शिक्षिका, वसई