अर्जात आधी माणूस माग

जांबोटी, ता. खानापूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा अर्जाचा मसुदा, दोन्ही नीट वाचलं. विड्या वळणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी निपाणीत संध्याकाळची अभ्यासिका निघतेय, हे वाचून फार बरं वाटलं. मसुद्यातली मागणी मात्र मला पटली नाही. चार कपाटं, खुर्च्या, टीव्ही, इन्व्हर्टर. सगळं आहे, पण रोज येऊन कुलूप काढणारं माणूस कुठं आहे?

आपल्या भागात दाते वस्तू आनंदानं देतात, तूही पाहिलंयस. पंख्यावर, बाकाच्या पाठीवर, कपाटाच्या दारावर नाव घालता येतं. त्यात वाईट काही नाही, पण म्हणून आपण तेवढंच मागायला शिकलो. आमच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात बंद पडलेली वाचनालयं मी पाहिलीत. पुस्तकं होती, कपाटं होती, उद्घाटनाचा फलकही होता. उघडायला कोणी नव्हतं. आमच्याकडच्या पावसात महिनोन्‌महिने कपाट बंद राहिलं की पानं बुरशीनं एकमेकांना चिकटतात, मग ती पुस्तकं कोणाच्याच उपयोगाची राहत नाहीत.

म्हणून आमच्या वाचनालयाचा अर्ज लिहिताना आम्ही खर्चाच्या तक्त्यात पहिली ओळ मानधनाची घातली. दरमहा ६,००० रुपये, वर्षाचे ७२,०००. गावातल्याच डी.एड. झालेल्या ताई आहेत, त्या संध्याकाळी खोली उघडतात. त्यांचं काम आम्ही मोघम ‘व्यवस्थापन’ असं लिहिलं नाही. पुस्तकांची देवघेव, सातवीच्या आतल्या पोरांचं वाचन घेणं, एसएसएलसीच्या (दहावीच्या) मुलांकडून कन्नडचा अभ्यास करून घेणं, पावसाळ्यात दर आठवड्याला पुस्तकं बाहेर काढून झटकणं, शेवटची बस चुकलेल्या मुलींना घरी पोचवायची सोय बघणं, असं एकेक काम मांडलं. कन्नडचा कप्पा आम्ही मुद्दाम वाढवलाय. पोरं मराठी शाळेत शिकतात, पण परीक्षा आणि नोकरी दोन्ही इथंच, कर्नाटकात, द्यायची-करायची आहे. तुझ्याकडेही हे लागेल.

आम्ही अर्ज केला तो न्यास बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री चालवणाऱ्या एका घराण्याचा. त्यांचे एक विश्वस्त भर पावसात बघायला आले. वयस्कर गृहस्थ, घरात कन्नड बोलणारे, आमच्याशी स्वच्छ मराठीत बोलले. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘पगाराला पैसे दिले आणि आम्ही थांबलो, तर पुढं काय?’ प्रश्न रास्त आहे, दत्ता, आणि तुलाही तो विचारतीलच. आम्ही सांगितलं, पहिल्या वर्षी पूर्ण मानधन तुमचं, दुसऱ्या वर्षी अर्धं, उरलेलं अर्धं गावाच्या वर्गणीतून. तसा ग्रामस्थांच्या बैठकीचा ठराव सह्यांनिशी जोडला होता. मला वाटतं, त्या एका कागदानं काम केलं.

वर्गणीचं आपल्याला नवं नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी या गावांनी साहित्य संमेलनं भरवली ती लोकांच्याच बळावर. फक्त अर्ज लिहिताना आपण गावानं आधीच जे घातलंय ते लिहायचं विसरतो. मंदिर कमिटीनं खोली बिनभाड्यानं दिली, पोरांनी कौलं शाकारली, डेअरीनं विजेचं बिल उचललं. याची किंमत मांडून ‘संस्थेचा वाटा’ म्हणून दाखव. देणाऱ्याला कळू दे की गाव आधीच उभं आहे.

आता तू विचारलेलं सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी खर्चायचा पैसा. कंपनीचा निधी आणि कुटुंबाचा न्यास या दोन वेगळ्या वाटा आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात. तो पैसा तुझ्यासारख्या संस्थेमार्फत खर्चायचा तर १२-ए आणि ८०-जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर खात्याच्या नोंदण्या, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ ची नोंदणी आणि तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव हवा. तुझी संस्था कालची. तेव्हा आत्ता कुटुंबाच्या न्यासाकडेच जा. तिथं विश्वस्तांना काम पटलं की पुरतं.

आणखी एक समज काढून टाक. ‘५ टक्क्यांच्या वर पगार दाखवता येत नाही’ असं तुला कोणीतरी सांगितलंय. ती मर्यादा सीएसआरमधली, आणि तीही कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर. प्रत्यक्ष प्रकल्प चालवणाऱ्या माणसाचा खर्च त्यात येत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की संस्था शिक्षिकेचं मानधन ‘साहित्य’ किंवा ‘इतर’ या खात्यात दडवतात. तू असं करू नकोस. ती बाई काम करते, तिचं काम उघडपणे लिहिलं गेलं पाहिजे.

कायम निधीही, म्हणजे मूळ रक्कम न मोडता ठेवायचा पैसाही, मागू नकोस. एका न्यासानं दुसऱ्याला कायम निधी म्हणून दिलेली रक्कम आयकरातल्या सवलतीसाठी देणाऱ्या न्यासाचा खर्च धरली जात नाही. साध्या देणगीचेही २०२३ च्या अर्थ कायद्यानंतर ८५ टक्केच धरतात. त्यांचा सीए हे बघणारच. ठरलेल्या कामासाठी ठरलेल्या मुदतीची रक्कम माग.

कागदपत्रांचं थोडक्यात: नोंदणीचा दाखला कन्नडमध्ये, ऑडिट इंग्रजीत, आपली हजेरीवही मराठीत, आणि अर्ज बहुतेक इंग्रजी. प्रत्येकाबरोबर एका पानाचा सारांश त्यांच्या भाषेत जोड. १२-ए आणि ८०-जी ची काम सुरू होण्याआधी घेतलेली पहिली नोंदणी तात्पुरती, ३ वर्षांची असते. काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत, किंवा मुदत संपायच्या निदान ६ महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा पक्क्या नोंदणीचा अर्ज करायचा. हे अध्यक्षांवर सोडू नकोस, स्वतःच्या डायरीत लिही.

आम्हाला मागितलं तेवढं मिळालं नाही. मानधन दोन्ही वर्षांचं मंजूर झालं, कपाटं आणि सौर दिवे नामंजूर. मला त्याचं दुःख नाही. कपाटं पुण्या-मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांकडून येतील, त्यांना ती द्यायला आवडतात. दर तीन महिन्यांनी अहवाल द्यायचा आहे आणि तो ताईच लिहितात, कारण कोणतं पोर कुठल्या पुस्तकावर अडलं ते त्यांनाच ठाऊक.

तुझ्या मसुद्यात एक वाक्य फार चांगलं आहे, ते वर आण: आई दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसते आणि पोर त्याच खोलीत अभ्यासाला बसतं, त्यामुळं तंबाखूच्या धुळीत वाचावं लागतं. अर्ज तिथून सुरू कर. मग कोण शिकवणार, तिला किती देणार, ते लिही. टीव्ही काढून टाक. सुधारलेला मसुदा पाठव, आकडे मी तपासतो, आणि पाठवण्याआधी विश्वस्तांना एकदा प्रत्यक्ष भेटून ये. फोनवर भागवू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन