नीसचा मूकपट दाखवण्याआधी

ती. बाबा, ती. सौ. आई,
सा. नमस्कार.

बाबा, कट्ट्यावरच्या मंडळींना दाखवायला फ्रेंच दिग्दर्शक झाँ व्हिगोचा ‘आ प्रोपो द नीस’ निवडलात, उत्तम केलंत. नीसच्या श्रीमंती चैनीवर टीका करणारा पंचवीसेक मिनिटांचा मूकपट आहे, पण निवेदन नाही. म्हणजे ‘यात टीका कुठाय?’ असं कुणीतरी विचारणारच. दृश्याला दृश्य कसं जोडलंय, कॅमेरा किती वेगाने फिरलाय, तिकडे बघायला सांगा.

1930 च्या सुमाराचं नीस म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, श्रीमंतांनी हिवाळा काढायचं गाव. क्षयामुळे व्हिगोही तिथेच राहत होता. चित्रण बोरिस काउफमनचं, सोव्हिएत माहितीपटकार झिगा व्हर्टोवच्या धाकट्या भावाचं. समुद्राकाठच्या रस्त्यावर काउफमन चाकाच्या खुर्चीत कॅमेरा झाकून बसायचा आणि व्हिगो खुर्ची ढकलायचा. हवापालटाला येणाऱ्यांच्या गावात अशा खुर्चीकडे कोण बघतंय! माणसाची नजर भिंगाकडे वळली की चित्रण बंद, कारण मग तो पोझ देतो. माणूस बेसावधच टिपायला हवा, हा आग्रह व्हिगोने 14 जून 1930 ला पॅरिसमधल्या भाषणातही धरला होता.

कार्निव्हलमध्ये नाचणाऱ्या बायका संथ दिसतात, कारण चित्रण करताना कॅमेऱ्यातली फिल्म नेहमीपेक्षा जलद फिरवलीय, मग नेहमीच्या वेगाने दाखवली की हालचाल संथ होते. अंत्ययात्रेला उलट हिशेब: सावकाश फिरवलेली फिल्म पडद्यावर पळते. ऐषआरामाच्या गावात मरणसुद्धा घाईने उरकतात, हे एकही अक्षर न लिहिता कळतं. एका दृश्यात साध्या खुर्चीत बसलेल्या बाईचे कपडे बदलत जातात आणि शेवटी अंगावर काहीच उरत नाही (आई, मंडळींना आधी सांगून ठेव!). तिथे कपडे बदलताना मधल्या वेळात कॅमेरा तसूभर सरकला असता तर खुर्चीने उडी मारली असती आणि लोक बाईऐवजी चलाखीकडे बघत बसले असते.

तोऱ्यात चालणाऱ्या बाईशेजारी शहामृग जोडलाय, तो विनोद मला स्वस्त वाटतो. जुन्या नीसच्या बोळांत वाळत घातलेले कपडे दिसतात, ते जास्त लागतात. तिथे उपमा द्यावीच लागत नाही.

काही प्रतींना मागाहून संगीत जोडलेलं असतं. ते गोड असेल तर पहिली पाच मिनिटं सहलीची जाहिरात वाटतील, म्हणून आधी आवाज बंद करून एकदा बघा. आणि पडदा अंधाऱ्या भिंतीवर लावा, बोळांतले शॉट मुळातच काळोखे आहेत.

तुमची,
ताई