माय, एकटीने फिरायचं गाव मी कसं निवडते

व्हिएन्ना, रविवार संध्याकाळ

माय,

नमस्कार. भाऊ, हे मायला मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नको आणि मनाचं काही घालू नको, मला माहितीये तू घालतोस.

परवा फोनवर तू विचारलंस ना, "एकली फिरस, तुले भेव नही वाटत का व माय?" तेव्हा मी हसून टाळलं कारण भाजी गॅसवर होती. पण दुसऱ्याच दिवशी फुईचा मेसेज, की चेतनाला दिवाळीच्या सुट्टीत एकटीला बाहेरदेशी फिरायला जायचंय, तर तिला एखादं सेफ शहर सांग. म्हटलं आता बसून लिहूनच काढावं, तू, फुई, चेतना तिघींचं एकदमच काम होईल.

पहिली गोष्ट, भेव वाटतं. वाटत नाही म्हणणारी खोटं बोलते.

चेतनाने मला इंटरनेटवरच्या तीन याद्या पाठवल्या, जगातली सुरक्षित शहरं म्हणून. त्यातली एक मी नीट वाचली. २०२१ ची, ६० शहरांची, कोपनहेगन पहिलं, टोरांटो दुसरं, सिंगापूर तिसरं. पण त्यात मार्क कशाकशाचे, तर कॉम्प्युटरची सुरक्षा, दवाखाने, पूल-रस्ते, पर्यावरण, आणि या सगळ्यांच्या रांगेत माणसाची सुरक्षा. म्हणजे रात्री अकराला बॅग ओढत चाललेल्या पोरीला त्या मार्कांचा उपयोग किती ते तूच सांग. तसंच आइसलँडचं. शांत देशांच्या यादीत तो २००८ पासून पहिला आहे, तिथे सैन्यच नाही, साध्या पोलिसाकडे बंदूक नसते. मी गेले होते तिकडे, माणसाचं भेव खरंच शून्य. पण रेनिसफ्यारा म्हणून काळ्या वाळूचा किनारा आहे, तिथे शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एक मोठी लाट येते आणि पाठ करून फोटो काढणाऱ्याला ओढून नेते, लोक मेलेत तिथे. त्यामुळे सेफ म्हटलं की मी आधी विचारते, कशापासून सेफ?

मी स्वतः जे बघते ते यादीतलं नाही, तुझ्याकडूनच आलंय. तुला आठवतं का, मामाकडून खांडव्याहून यायचो आपण, गाडी रात्री दोन-अडीचला भुसावळला उतरवायची आणि फैजपूरची पहिली एसटी पहाटे. नाना सोबत नसायचे. तू बाहेर स्टँडवर कधीच गेली नाहीस. चहाच्या स्टॉलसमोर, लाईटखाली, जिथे गाठोडी घेऊन दुसऱ्या बाया बसलेल्या असतील तिथेच सतरंजी टाकायचीस, भाऊला ट्रंकेवर झोपवायचीस, पिशवीवर पाय, पैशाचा बटवा कमरेला आणि वर थोडे सुटे हातात वेगळे. एकदा एक माणूस गोड बोलत आला, कुठे जायचंय ताई, मी सोडतो जीपने, आणि तू त्याला सांगितलंस की मुलांचे पप्पा पाणी आणायला गेलेत. नाना तेव्हा शेतात केळीला पाणी देत असतील! मी तेव्हा सात-आठ वर्षांची, मला कळेना पप्पा कुठून आले. आता माझंही तेच चालू आहे. तुझ्या पोरीचं लग्न काही जमेना पण चार देशांत तिचा नवरा हॉटेलवर झोपलेला आहे, कोणी विचारलं की एकटीच का, की लगेच तो तयार.

तर माझी परीक्षा एवढीच. त्या शहरात रात्री अकरा वाजता स्टेशनावर कोण असतं? नुसते तरुण पोरं असतील तर मला जमत नाही. भाजीची पिशवी घेतलेली म्हातारी, ड्युटीवरून येणारी नर्स, पोराला कडेवर घेतलेली बाई, अशी माणसं निवांत दिसली पाहिजेत. ते कसं कळणार इथे बसून, तर शेवटची मेट्रो कितीला ते बघायचं, आणि तिथे राहणाऱ्या बायकांना विचारायचं. फिरायला जाऊन आलेल्यांना विचारून उपयोग नाही, ते दुपारचे फोटो दाखवतात.

कोपनहेगन त्यात पास. तिथली मेट्रो रात्रभर चालते, चोवीस तास, आणि ड्रायव्हरच नाही गाडीला, सगळ्यात पुढे बसलं की काचेतून बोगदा दिसतो. मी रात्री एकला विमानतळावरून त्यात बसले तर समोर एक आजी स्वेटर विणत होती. आणि दिवसा बघ काय, आया बाबागाडी हॉटेलच्या बाहेर लावतात, बाळ आत झोपलेलं, आणि स्वतः आत जाऊन कॉफी पितात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीच पाच मिनिटं त्या बाळापाशी उभी राहिले, कोणी उचलून नेलं तर म्हणून. पण खर्च! एका जेवणात आपल्याकडे आठ दिवसांचा किराणा येईल.

टोकियोला गेले तेव्हाचं तुला अर्धंच सांगितलं होतं. चौकाचौकात छोटी पोलीस चौकी असते, कोबान म्हणतात, वर लाल दिवा, आत नकाशा. मी तीनदा रस्ता चुकले आणि तिन्ही वेळा पोलिसानेच सांगितला, एकदा तर कागदावर काढून दिला. पण तिथे मेट्रो साडेबारा-एकच्या आत बंद, मग पहाटे पाचला. मधे टॅक्सी, आणि ती महाग. आणि सकाळच्या गर्दीला तिथे बायकांसाठी वेगळा डबा लागतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी पट्टी असते. मुंबईच्या लेडीज डब्यासारखंच. का लागतो ते तुला सांगायला नको. तिथल्या मोबाईलचा फोटो काढतानाचा आवाजसुद्धा बंद होत नाही, चोरून फोटो काढणारे होते म्हणून कंपन्यांनीच तसं ठरवलं. एवढ्या शिस्तीच्या गावातही हे आहेच, फक्त त्यांनी लपवलं नाही, त्यावर काहीतरी केलं, मला ते जास्त भरवशाचं वाटतं.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते. रागावू नको. लिस्बनला, दोन वर्षांपूर्वी. शहर चांगलं, मारामारी-लुटालूट फारशी नाही, जुन्या २८ नंबरच्या ट्राममध्ये पाकीटमार असतात तेवढं सांभाळायचं. चूक माझीच, स्वस्तातली खोली घेतली, मालक भेटणार नाही, दाराला छोटी पेटी, तिचा नंबर फिरवला की किल्ली. विमान उशिरा, मी रात्री पावणेबाराला त्या जुन्या वस्तीत, आल्फामात, तिथे रस्ते कसले, पायऱ्याच पायऱ्या, बॅग उचलून घ्यावी लागते, आणि पेटी उघडेना. फोन सहा टक्के. मालक उचलेना. खालच्या वळणावर दोन जण सिगारेट ओढत उभे, त्यांनी मला काही केलं नाही, बघितलंसुद्धा नसेल, पण माय, माझे हात असे थरथरत होते की चार आकडेही धड फिरेनात. पंधरा मिनिटांनी वरच्या खिडकीतून एक बाई ओरडली, मला एक अक्षर कळलं नाही, ती सारखी बोटाने बाजूचं दार दाखवायची. मी भलत्याच घराच्या पेटीशी झटत होते. दोन दारांवर एकच नंबर, एकापुढे छोटा ए. आत गेले, दाराला खुर्ची लावली, आणि तू दिलेली लसणाची चटणी पावाला लावून खाल्ली तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

तेव्हापासून पहिली रात्र मी कंजूषी करत नाही. स्टेशनजवळचं हॉटेल, रात्रभर काउंटरवर माणूस असलेलं, आणि उजेडात पोचणारीच गाडी. दुसऱ्या दिवशी गाव कळलं की मग स्वस्तात हलायचं. चेतनाला एवढं एक पाठ करायला सांग, शहर कुठलं का असेना. बाकी बारीकसारीक, पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, युरोपात कुठेही अडचण आली तर ११२, जपानमध्ये पोलीस ११०. आणि कुठे उतरलेय ते लाइव्ह सगळ्या जगाला इन्स्टावर दाखवायचं नाही, फोटो घरी आल्यावर टाकायचे. हे ती ऐकणार नाही.

फुई म्हणेल दुबई जवळ, सगळे तिकडेच जातात, तिथे पाठवते. पाठवू दे, तिथल्या मेट्रोतही बायकांचा वेगळा डबा आहे. पण मला विचारशील तर पहिल्यांदा सिंगापूर. बोलायला इंग्रजी, खायला इडली-डोसा, आणि तिथल्या खाऊगल्लीत लोक टेबलावर कागदी रुमालांचं पुडकं ठेवून जागा धरतात आणि निवांत रांगेत जाऊन उभे राहतात, ते पुडकं कोणी हलवत नाही. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो तसंच, फक्त भांडण नाही.

इथे व्हिएन्नात माझं बरं चाललंय. शुक्रवारी-शनिवारी मेट्रो रात्रभर असते. माझ्या घराजवळच्या भागात दोन बागा आहेत, त्यांची गोष्ट ऑफिसातल्या बाईने सांगितली. नव्वदच्या दशकात इथल्या लोकांनी बघितलं की पोरी जरा मोठ्या झाल्या की बागेत यायच्या बंद होतात, सगळी जागा फुटबॉलवाल्या पोरांची. मग बाग मोडून वाटा वाढवल्या, बसायला जागा केल्या, दुसऱ्या खेळांना कोपरे दिले. आणि पोरी परत आल्या. मी संध्याकाळी तिथे बसते तेव्हा आपल्या शाळेचं ग्राउंड आठवतं, सातवीनंतर आपण तिथे पाय ठेवला नव्हता.

आखाजीच्या सणाला येणं नाही जमणार, झोका माझ्या वाटचा चेतनाला दे. पण एक ठरवलंय, पुढच्या उन्हाळ्यात तू इकडे ये, तुला शेजारच्या स्लोव्हेनिया देशात लुब्लियाना शहराला नेते, इथून रेल्वेने सहा तास. गावाच्या मधोमध गाड्यांना बंदीच आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना फुकटात नेणाऱ्या हळू चालणाऱ्या बॅटरीच्या गाड्या आहेत. तुझ्या गुडघ्याचं कारण चालणार नाही. नानांना म्हणा तुमचा दोघांचा पासपोर्टचा फॉर्म भाऊकडून भरून घ्या, आणि फोटोत हसायचं नसतं, ते नानांना अवघड नाही जाणार.

कळण्याच्या भाकरीचं पीठ अजून थोडं आहे, पण वांगी इथली भरताची नाहीतच, पाणचट.

तुझी,
ताई